हो, हेच म्हटलं मी

मी ते वाक्य अगदी चांगल्या मनानं बोलले होते, हे आधीच सांगून टाकते. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस, सुरू होता, बाहेर 45 डिग्री, गुरुजींच्या हॉलमधला कूलर खडखड करत होता आणि आम्ही तेरा-चौदा जण सतरंजीवर बसून बुद्धावर बोलत होतो. बुद्धपौर्णिमा नुकतीच होऊन गेली होती म्हणून तो विषय. ताई बोलत होत्या, दुःखाबद्दल, तृष्णेबद्दल, इतकं साधं आणि छान बोलल्या की मला एकदम भरून आलं आणि त्यांचं संपल्या संपल्या मी म्हटलं, "ताई, शेवटी सगळं एकच आहे हो. बुद्ध तर आमच्या दशावतारातच आहे की."

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. एखाद्यानं आपल्याला भलत्याच नावानं हाक मारली की दुरुस्त करावं का जाऊ द्यावं असा आपण क्षणभर विचार करतो ना, तसं. मग रुमालानं मान पुसली, पन्ह्याचा अर्धा ग्लास खाली ठेवला आणि म्हणाल्या, "माझ्या बापानं 56 साली धर्म सोडला. सगळं एकच असतं तर काऊन सोडला असता, मॅडम?"

कुणी काही बोललं नाही. गुरुजींनी विषय बदलला. पुढचे दोन बुधवार ताई आल्या नाहीत.

आमचं मंडळ म्हणजे काही रजिस्टर वगैरे केलेलं नाही. दर बुधवारी संध्याकाळी सहा ते आठ त्रिमूर्तीनगरला गुरुजींच्या फ्लॅटवर जमायचं, अध्यात्माबद्दल ज्याला जे बोलायचं ते बोलायचं, चहा प्यायचा, घरी जायचं. सात वर्षं झाली. गुरुजी म्हणजे रिटायर झालेले संस्कृतचे मास्तर, पक्के वेदांती. ताई सरकारी दवाखान्यात तीस वर्षं नर्स होत्या, इंदोऱ्याला राहतात. इतवारीतले जैन भाऊ आहेत, त्यांचं मस्कासाथला मसाल्याचं दुकान आहे. गजानन महाराजांचं पारायण करणारे चार-पाच जण, दोघं विपश्यनेला जाऊन आलेले, आणि एक पोरगा. पोरगाच म्हणते, सव्वीस वर्षांचा, मिहानमध्ये नोकरीला. आईला स्कूटीवर सोडायला यायचा, दोन तासांत घरी जाऊन परत यायचा कंटाळा म्हणून कोपऱ्यात मोबाईल बघत बसायचा, आणि एक दिवस मोबाईल खाली ठेवून म्हणाला की काकू, देवबिव काही नसतो. त्याची आई लाजेनं मेली. पण तो पुढच्या बुधवारी आला आणि मोबाईल खिशातच ठेवला, तेव्हापासून तो मंडळाचाच.

आणि मी. मी सगळीकडे हात जोडणारी. हे माझं आईकडून आलेलं आहे, म्हणजे मला तसं वाटायचं.

आई नागपूरच्या महाल भागातली. दर गुरुवारी ताजबागला, ताजुद्दीन बाबांच्या दर्ग्याला जायची, माझं बोट धरून. ताजुद्दीन बाबांची गोष्ट नागपूरकराला काय सांगायची, कामठीत जन्मलेला माणूस, पलटणीत नोकरी केली, मग स्वतःतच असा हरवला की लोकांनी वेडा ठरवून पागलखान्यात टाकला, 16 वर्षं तिथं होते आणि त्या 16 वर्षांत लोक पागलखान्यातच दर्शनाला जायला लागले. मग 1908 साली राजे रघुजीराव भोसल्यांनी त्यांना तिथून सोडवून शक्करदऱ्याच्या आपल्या वाड्यावर नेलं. 1925 ला बाबा गेले. एक मराठा राजा आणि एक मुसलमान फकीर, ही गोष्ट आई मला सिटी बसमध्ये सांगायची, आणि ताजबागला चादर चढवून येताना आम्ही टेकडीच्या गणपतीला नारळ फोडायचो. रस्त्यात नाही पडत ते, वाकडी वाट करून जायचो. आईला त्यात काहीच विशेष वाटायचं नाही. मी मोठी झाले, कॉलेजात गेले, चार पुस्तकं वाचली, आणि आईच्या त्या जाण्यायेण्याला मी एक नाव दिलं, सगळं एकच. आईनं स्वतः हे दोन शब्द कधी उच्चारल्याचं मला आठवत नाही. हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं, त्यावर शेवटी येते.

तर ताई गेल्यावर मी काय केलं, तर आधी मला रागच आला. मी कुठं वाईट बोलले, मी तर जोडायलाच गेले होते, हे लोक लगेच मनाला लावून घेतात वगैरे सगळं मनात येऊन गेलं, "हे लोक" हा शब्दसुद्धा आला आणि तो आल्यावर मी जरा थांबले. मग रात्री बसून बाबासाहेबांनी 14 ऑक्टोबर 1956 ला दीक्षाभूमीवर दिलेल्या 22 प्रतिज्ञा वाचल्या. साठी ओलांडलेली नागपूरची बाई, दीक्षाभूमीवरून आयुष्यभर जाणं-येणं, दसऱ्याला रस्ते बंद होतात हे माहीत, पांढऱ्या कपड्यातली लाखो माणसं येतात आणि जाताना पिशव्या भरून पुस्तकं नेतात हेही दरवर्षी कौतुकानं पाहिलेलं, आणि त्या प्रतिज्ञा मी एकदाही पूर्ण वाचल्या नव्हत्या. पाचवी प्रतिज्ञा वाचून मी फोन उलटा ठेवला. बुद्ध हा विष्णूचा अवतार आहे हा प्रचार खोटा आहे आणि मी तो मानत नाही, असा तिचा अर्थ. म्हणजे ज्या वाक्यानं मी ताईंना जवळ घ्यायला गेले, नेमकं तेच वाक्य नाकारण्याची शपथ त्यांच्या वडिलांनी उभं राहून घेतली होती. लाखो माणसांनी एकत्र घेतली होती. आणि मी पन्हं पिता पिता ते त्यांना प्रेमानं सांगून राहिले होते.

दुसऱ्या दिवशी ऑटो केला आणि इंदोऱ्याला गेले. पाऊस आला नव्हता अजून, नुसतं ढगाळ आणि चिकचिक. ताईंच्या मुलानं दार उघडलं, जय भीम म्हणाला, मी नमस्कार म्हटलं. आणि मग मीही जय भीम म्हटलं, जरा अडखळत, आयुष्यात पहिल्यांदा. ताई आतून आल्या, काही झालंच नाही अशा थाटात पंखा वाढवला आणि मुलाला लिंबू सरबत सांगितलं. मी माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाल्या, "माफीचं राहू द्या मॅडम. तुम्ही बसा, मी तुम्हाले बापाचं सांगते."

एरवी ताई मंडळात आमच्यासारखंच बोलतात, पण वडिलांचं सांगायला लागल्या की त्यांची भाषा बदलते, गावाकडची होते. भिंतीवर फोटो होता, ब्लॅक अँड व्हाईट मोठा करून रंगवलेला, गांधी टोपीसारखी टोपी, बारीक मिशी. उमरेडच्या पुढं गाव. वय तेव्हा 22. गावातले चौघं मिळून पायी निघाले, दोन दिवस लागले. पांढरे कपडे घालून या असं सांगितलेलं होतं आणि वडिलांकडे पांढरं धोतर नव्हतं, ते एका नातेवाईकाकडून मागून आणलं, ते इतकं आखूड होतं की पोटऱ्या उघड्या पडायच्या. दीक्षा घेऊन परत आले आणि घरातले देव उचलून नदीवर नेले.

"अन् आजी?" मी विचारलं.

"आजी चुलीजवळ बसून रडली. अन् एक टाक तिनं लपवला. मरीआईचा. कणगीत, खाली, ज्वारीत."

टाक म्हणजे देवाचा चांदीचा छोटा पत्रा असतो ना, तो. ताईंनी बोटांनी दाखवला केवढा ते, बस, दोन बोटं रुंद.

"बापाले मालूम होतं. कणगी काढायची असली का तो माझ्या मायले म्हणे तू काढ, मी नाही काढत. त्यानं कणगीत हात नाही घातला कधी. आजी मेली तवा टाक निघाला. सोनाराले इकला असता त पैसे आले असते, घरात खायचे वांधे होते. त्यानं आत्याले बोलावून देऊन टाकला. तुले ठेवायचा त ठेव म्हणे."

मग थोडं थांबल्या आणि म्हणाल्या, "बाप कधी आजीले नाही म्हणाला का मरीआई अन् बुद्ध एकच आहे म्हणून. अन् आजी बी नाही म्हणाली. तो हात नाही जोडे, ती विहारात नाही येई. वीस वर्षं एका चुलीवरचं जेवले दोघं."

मी तो सरबताचा ग्लास हातात धरून बसले होते. मोकळं मन, मोकळं मन आपण म्हणतो, आणि मी सात वर्षं समजत होते की मंडळात सगळ्यात मोकळ्या मनाची मीच, कारण माझा कुणाशी वाद नाही. पण वाद कसा होणार, मी कुणाचं म्हणणं माझ्यापेक्षा वेगळं असू शकतं हेच मानत नव्हते. कुणी काही सांगायला लागलं की मी ते माझ्याच डब्यात भरायची आणि झाकण लावून म्हणायची, बघा, मावलं की नाही. आणि त्या 22 वर्षांच्या पोरानं काय केलं, तर आईचं म्हणणं आपल्याला शंभर टक्के चूक वाटतं हे माहीत असून कणगीत हात घातला नाही.

पुढच्या बुधवारी ताई आल्या. मी गुरुजींना आधी फोन करून सगळं सांगितलं होतं. गुरुजी तसे कमी बोलतात पण त्या दिवशी त्यांनीच सुरुवात केली, आणि वितंडा या शब्दापासून केली. आपण घरात रोज म्हणतो, उगीच वितंडवाद घालू नको. तर म्हणाले हा शब्द न्यायसूत्रांतला, म्हणजे तर्कशास्त्राच्या जुन्या ग्रंथातला आहे, तो रचणाऱ्या गौतमांनी, हे गौतम म्हणजे बुद्ध नव्हेत, बोलण्याचे तीन प्रकार सांगितलेत, वाद, जल्प आणि वितंडा. वाद म्हणजे खरं काय ते दोघांनी मिळून शोधायचं. जल्प म्हणजे जिंकायचं, काहीही करून. वितंडा म्हणजे स्वतःचं म्हणणं काहीच मांडायचं नाही, फक्त समोरच्याचं मोडायचं. आज मराठीत आपण वाद म्हटलं की भांडणच समजतो, म्हणजे तिघांतला जो सगळ्यात चांगला, त्याचंच नाव आपण बदनाम केलं. "आणि आपण सात वर्षं यातलं काहीच केलं नाही," गुरुजी म्हणाले, "आपण एकमेकांना साखर वाटली." मला ते लागलं, कारण साखर वाटणारी मुख्य मीच.

मग त्यांनी पूर्वपक्ष समजावून सांगितला. जुन्या शास्त्रग्रंथांत आपलं म्हणणं मांडायच्या आधी विरोधकाचं म्हणणं मांडावं लागतं, तेही नीट, ताकदीनं, त्याच्या बाजूनं जेवढं बोलता येईल तेवढं बोलून, आणि त्यानंतर आपला सिद्धांत. शंकराचार्यांच्या भाष्यात पानोपानी हे आहे. चौदाव्या शतकात माधवाचार्यांनी सगळ्या दर्शनांचा संग्रह लिहिला त्याची सुरुवातच चार्वाकापासून आहे, जो देव मानत नाही, आत्मा मानत नाही, वेद मानत नाही. हे सांगताना गुरुजींनी कोपऱ्यातल्या पोराकडे हसून पाहिलं, म्हणजे बघ बाबा, तुझी जागा आमच्यात जुनीच आहे.

पोरगा काही हसला नाही. त्यानं विचारलं, "गुरुजी, चार्वाकाचं स्वतःचं पुस्तक कुठं आहे?"

गुरुजी म्हणाले, मूळ ग्रंथ आज मिळत नाही, दुसऱ्यांनी खंडनासाठी जी वाक्यं घेतली तेवढीच उरलीत.

"म्हणजे त्याचं म्हणणं त्याचे विरोधकच सांगून राहिले ना आतापर्यंत. मग ते बरोबर सांगितलं का नाही हे कोण पाहणार? तो तर उठून म्हणू शकत नाही ना, की अबे मी असं नव्हतो म्हटलं."

कूलरचा आवाज तेवढा. गुरुजी बराच वेळ गप्प बसले, मग चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला आणि म्हणाले, "हे बरोबर आहे तुझं." पंच्याहत्तरी गाठलेला माणूस, आयुष्यभर पूर्वपक्षाचा अभिमान बाळगलेला, सव्वीस वर्षांच्या पोराला सगळ्यांसमोर म्हणतो की बरोबर आहे तुझं. माझ्या डोळ्यांसमोरून ते जात नाही.

त्यावर ताईंनी मिलिंद राजाचं सांगितलं. ग्रीक राजा, मिनँडर, आपल्याकडे मिलिंद म्हणतात. त्यानं नागसेन भिक्खूंना म्हटलं माझ्याशी चर्चा करा. तर नागसेन म्हणाले, राजा, पंडितासारखी करणार असशील तर करतो, राजासारखी करणार असशील तर नाही. फरक काय? पंडितांच्या चर्चेत उलटसुलट होतं, कुणी हरतं, कुणी चूक कबूल करतं, पण कुणी रागवत नाही. राजा एक मुद्दा धरतो आणि जो हो म्हणत नाही त्याला शिक्षा करतो. औरंगाबादच्या कॉलेजला बाबासाहेबांनी मिलिंद हे नाव दिलं आणि त्या परिसराला नागसेनवन, ते काही असंच नाही दिलं, ताई म्हणाल्या.

तर त्या दिवशी नियम ठरला, आणि तो पोराच्या त्या प्रश्नातून निघाला. कुणाचं पटलं नाही तर बोला, खुशाल बोला, पण आधी त्याचं म्हणणं तुम्ही सांगायचं, आणि ते ऐकून त्यानं स्वतः म्हणायचं "हो, हेच म्हटलं मी." तो हो म्हणेपर्यंत तुमची पाळी नाही.

पहिली पाळी माझी. ताई म्हणाल्या, "सांगा मॅडम, माझा बाप काऊन गेला."

मी म्हटलं, जातीचा इतका त्रास झाला, इतका अपमान झाला की त्याला कंटाळून गेले.

"अर्धं," ताई म्हणाल्या.

मी म्हटलं, समतेसाठी, माणूस म्हणून मान मिळावा म्हणून गेले.

"ते पेपरात येते दरवर्षी दसऱ्याले."

मला घाम फुटला. खरंच सांगते, ऑफिसात ऑडिटवाल्यांसमोर कधी झालं नाही तसं झालं. पारायणवाल्या एक काकू म्हणाल्या सोडा ना आता, ताईंनाही काही वाईट नाही वाटलं. ताई म्हणाल्या, नाही, त्यांना सांगू द्या. मग मला ते वर्ष आठवलं. बाबासाहेबांनी येवल्याला जाहीर केलं 1935 साली, हिंदू म्हणून मरणार नाही म्हणून, आणि दीक्षा घेतली 1956 ला. मध्ये 21 वर्षं. रागानं घर सोडणारा माणूस 21 वर्षं थांबत नाही. त्या 21 वर्षांत त्यांनी वाचलं, पाहिलं, पारखलं. मी हळूहळू म्हटलं, "त्यांना ते खोटं वाटलं. नुसतं दुःख झालं म्हणून नाही गेले. विचार केला, तपासलं, आणि हे खरं नाही असं ठरवून गेले. आणि मी जेव्हा म्हणते सगळं एकच आहे, तेव्हा मी असं म्हणते की त्यांनी विचार केलाच नव्हता, उगीच दोन दिवस पायी चालले."

ताईंनी मान हलवली. "हो. हेच म्हटलं मी."

आता माझी पाळी होती, मला काय पटलं नाही ते बोलायची. आणि माझ्याकडे बोलायला काहीच नव्हतं. म्हणजे माझी श्रद्धा गेली असं नाही, मी आजही टेकडीला जाते, पण त्या वाक्याला उत्तर म्हणून सांगावं असं काही उरलं नव्हतं.

जैन भाऊंनी मात्र पुढच्याच आठवड्यात मला वाचवलं आणि अडवलंही. मी म्हटलं होतं की मग तुमचा जैनांचा अनेकांतवाद म्हणजे तरी हेच ना, सगळे आपापल्या जागी बरोबर. भाऊ म्हणाले, अजिबात नाही. आम्ही कुठलंही विधान करताना आधी स्यात् म्हणतो, लोक त्या स्यात् चा अर्थ 'कदाचित' असा करतात आणि आम्हाला धरसोड समजतात. स्यात् म्हणजे अमुक एका बाजूनं, अमुक एका अपेक्षेनं. आणि दुकानातलं उदाहरण दिलं. गिऱ्हाईक येतं, विचारतं भिवापुरी मिरची चांगली आहे का. "आता मी काय सांगू? कशासाठी पाहिजे ते विचारतो. रंगाले पाहिजे, तिखटाले पाहिजे, का वर्षभर साठवाले? एकाच पोत्याबद्दल मी एकाले हो म्हणतो, दुसऱ्याले नाही म्हणतो अन् दोन्ही खरं बोलतो. पण देठाखाली बुरशी धरलेली मिरची आणून कोणी म्हणत असंल का हे बी चांगली, एका बाजूनं, तर त्याले मी दुकानातून जा म्हणीन." कुठल्या बाजूनं खरं ते सांगायची जबाबदारी बोलणाऱ्यावर आहे, आणि माझीच बाजू तेवढी बाजू असं म्हटलं की ते चूक झालं, असं भाऊंचं म्हणणं. आमचे आचार्य सगळ्यांचं खंडन करायचे हो, ते पुढं म्हणाले, गप्प नाही बसायचे.

त्या बुरशीच्या मिरचीची पाळी लवकरच आली. एक गृहस्थ नवीन यायला लागले होते, बोलणं गोड, वाचन बरंच. आमच्यातल्या एका बाईंचा मुलगा लहानपणापासून अंथरुणाला आहे. त्या कधी नव्हे ते त्याच्याबद्दल बोलल्या आणि हे गृहस्थ शांतपणे म्हणाले, हे मागच्या जन्मीचं आहे, त्याचं किंवा तुमचं, फेडूनच संपणार, आणि वर एक विधी सुचवला, खर्चाचा. बाईंनी पदर तोंडाशी धरला. पोरगा उठलाच होता, पण नियम नियम म्हणून आम्ही सगळे एकमेकांकडे पाहून राहिलो, हेही मतच ना, आता याचाही पूर्वपक्ष करायचा का?

मला वाटलं होतं गुरुजी अडचणीत येतील, कारण कर्म तर तेही मानतात. गुरुजी म्हणाले, "मी तुमचं म्हणणं सांगतो. कर्माचं फळ चुकत नाही, हे तुमचं म्हणणं." गृहस्थ हो म्हणाले. "ते मीही मानतो. पण ते मी माझं पाहायला मानतो. दुसऱ्याच्या दुःखासमोर बसून त्याचं खातं वाचायचा अधिकार शास्त्रानं मला दिलेला नाही, आणि त्यावर पैसे घ्यायचा तर नाहीच." ते गृहस्थ परत आले नाहीत. जायला सांगितलं नाही कुणी, पण थांबाही म्हटलं नाही. मला यात काही चुकलं असं वाटत नाही, आणि याला कुणी संकुचितपणा म्हणत असेल तर म्हणो. ज्या बाईंच्या मुलाबद्दल ते बोलले त्या पुढच्या बुधवारी आल्या, मला तेवढं पुरे आहे.

इतरही दोघं-तिघं गेले. एक काकू म्हणाल्या पूर्वी भजन व्हायचं, मन हलकं होऊन घरी जायचो, आता कोर्ट झालं. त्यांचं दुःख मला कळतं. मीसुद्धा सात वर्षं हलकी होऊनच घरी जायची. आता कधीकधी बुधवारची रात्र झोप लागत नाही. पण आता मला माणसं माहीत आहेत, आधी नुसते चेहरे माहीत होते. भजन आम्ही परत सुरू केलं, शेवटची पंधरा मिनिटं, ज्याला बसायचं त्यानं बसावं. पोरगा तेव्हा खाली जाऊन स्कूटी काढतो. ताई बसतात, टाळी वाजवत नाहीत, ऐकतात.

आत्म्यावर मात्र तीन बुधवार गेले, आणि ते तीन माझ्या आयुष्यातले फार श्रीमंत बुधवार. गुरुजींचा आत्मा, ताईंचा अनात्म, यात मधली वाटच नाही, एक म्हणतो आहे आणि एक म्हणतो नाही. गुरुजींनी ताईंचं सांगायचं होतं. नागसेनांनी राजाला रथाचं उदाहरण दिलं, चाक म्हणजे रथ का, नाही, कणा म्हणजे रथ का, नाही, जू, दांडी, काहीच रथ नाही, आणि हे सगळं सोडून वेगळा रथही नाही, मग रथ हे नुसतं म्हणायचं नाव. गुरुजींनी ते पोराच्या स्कूटीवर सांगितलं, हँडल काढलं, सीट काढली, चाकं काढली, आता स्कूटी दाखवा. पोरगा म्हणाला, गुरुजी, ईएमआय मात्र पूर्ण स्कूटीचाच कापला जातो, आणि ताई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. हसू थांबल्यावर म्हणाल्या, हो, हेच म्हटलं मी.

मग ताईंची पाळी. त्यांनी गुरुजींचा आत्मा सांगितला, आणि तीस वर्षं वॉर्डात काढलेल्या नर्सनं सांगावा तसा सांगितला. "नाईट ड्युटीले पेशंट गाढ झोपलेला असते. स्वप्न नाही, काही नाही. सकाळी उठतो अन् म्हणतो, सिस्टर, आज मस्त झोप लागली, काही कळलंच नाही. गुरुजी म्हणतात, काही कळलं नाही हे कळलं कोणाले? कोणीतरी होता ना जागा, ज्यानं ते पाहिलं. तोच आत्मा. तो कधी झोपत नाही." गुरुजींचे डोळे भरले. हो म्हणाले, आणि पुढं म्हणाले की असं मला स्वतःला कधी सांगता आलं नाही. आणि ताई म्हणाल्या, "पण मला नाही पटत, गुरुजी." "नकोच पटू," गुरुजी म्हणाले, आणि त्या दिवशी चहा त्यांनी स्वतः केला.

मागच्या बुधवारी मी आईचं सांगितलं. ताजबाग, गुरुवार, सिटी बस, वाकडी वाट करून टेकडीचा गणपती, सगळं. कुणाला पटवायला नाही, फक्त आई अशी होती म्हणून. आणि म्हटलं, आता सांगा कुणीतरी, माझ्या आईचं म्हणणं काय होतं.

दोघा-तिघांनी प्रयत्न केला. सगळे देव सारखे मानायच्या. मी म्हटलं, नाही, तसं म्हणाल्याचं आठवत नाही मला. पोरगा म्हणाला, नवस करत असतील, जिथून काम होईल तिथं जायचं. मी म्हटलं, नाही रे, तिनं कधी काही मागितल्याचं मी ऐकलं नाही.

ताई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग विचारलं, "तुमच्या आई तिथं जाऊन करायच्या काय? चादर चढवली, मग?"

मी आठवून पाहिलं. दर्ग्याच्या आवारात बसलेली असायची आई. तिथं बाया यायच्या, कुणाच्या अंगात यायचं, कुणी रडायचं, कुणी आजारी पोर मांडीवर घेऊन बसलेलं. आई त्यांच्याजवळ जाऊन बसायची. डब्यात पोळी-भाजी असायची ती द्यायची. कधी कुणाचं डोकं दाबून द्यायची. मी कंटाळून तिचा पदर ओढायची, चल ना, चल ना. आणि टेकडीलाही तसंच, बाहेर बसलेल्यांशीच तिच्या जास्त गप्पा व्हायच्या.

"मग मी सांगू?" ताई म्हणाल्या. "त्यांले देव एक आहे का दोन, याच्याशी काही नव्हतं. त्या माणसाजवळ जाऊन राहिल्या होत्या. जिथं रडणारं माणूस भेटते तिथं."

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. मी हो म्हणायचं का नाही म्हणायचं. कूलर बंद होता, पावसाळी गारवा आला होता आणि खाली कुणाची तरी गाडी रिव्हर्स होत होती, तो टूंटूं आवाज येत होता. चाळीस वर्षं मी आईचं म्हणणं सांगत आले होते आणि मला तिचा तो डबा आठवला नव्हता.

मी म्हटलं, "थांबा ताई. लगेच नाही सांगता येत. पुढच्या बुधवारी सांगते."